आत्या उठून गेली त्याची खरी हकिकत

वावाउ बेट, टोंगा
सोमवार, सकाळ

तीर्थरूप फिलिमोने काकांना मानासेचा, लोसेचा आणि पोराबाळांचा आदरपूर्वक नमस्कार.

देवाने हा सोमवार दाखवला. काल चर्चमध्ये तुमच्या नावाने प्रार्थना झाली, गाताना पुरुषांचा आवाज नेहमीप्रमाणे बायकांच्या आवाजाखाली दबून गेला, आणि जेवणाला भट्टीतून काढलेलं डुक्कर थोडं कच्चं निघालं, म्हणजे इकडे सगळं ठीक आहे असं समजावं. तुमची साखर आटोक्यात आहे का? काकूंचा दमा काय म्हणतो? तिकडे आता थंडी पडली असेल. आमच्याकडे थंडी म्हणजे लोसे सकाळी उठून माझ्याच अंगावरची चादर काढून घेते तेवढी. पोरं बरी आहेत. म्हातारी कुत्री मेली, पण ती मरणारच होती, तिचं वाईट वाटून घेऊ नका.

आता मुद्द्याचं. काका, तुम्ही फोन उचलत नाही. एलेनोआच्या लग्नाला दुसरा आठवडा लागला, मी करतोय तेवढे फोन करतोय आणि तुम्ही उचलत नाही. मेसेज पाठवला की तो एलेनोआ वाचते आणि उत्तरादाखल रडकं तोंड पाठवते. म्हणून हे पत्र कागदावर लिहून पाळकांच्या मेव्हणीच्या हाती देतोय, चटईच्या गुंडाळीबरोबर. तुमचा निरोप मात्र आमच्यापर्यंत पोचला. सिडनीहून परतलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, की अक्काने माझ्या लेकीच्या लग्नात भर सभेत माझ्याकडे पाठ फिरवली, तिचा भाऊ मी होतो, आता नाही. काका, हे वाक्य आत्याच्या कानावर अजून गेलेलं नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे, दुकानात मी शिरलो की लोक गप्प होतात, आणि आत्याच्या अंगणात बायका येऊन बसल्या की लोसे मुद्दाम जोरजोरात भांडी घासायला घेते. पण असं किती दिवस चालणार? एकदा ते तिच्या कानावर गेलं की ती सिडनीचं नाव टाकेल, आणि तुम्हा दोघांना मधे पडून समजवायला आता आमचे वडीलही नाहीत. तेव्हा हे पत्र मधेच फेकू नका.

तर, आत्याने पाठ फिरवली नाही. दोष सगळा संगणकाच्या अपडेटचा आहे, आणि थोडासा माझा. माझा भाग मी ओघात सांगेन, म्हणजे तो कमी वाटेल.

चर्चच्या हॉलमधला मोठा टीव्ही आपल्या घरी आणायचा, तुम्ही पाठवलेल्या लॅपटॉपची वायर त्याला जोडायची आणि त्यावर आत्याने सिडनीतलं लग्न बघायचं, हे ठरलं ते तिच्या डोळ्यांसाठी. लॅपटॉपवरचा माणूस तिला दिसतच नाही, तिला तो डाग वाटतो आणि ती पुसायला जाते. तिकडे तुम्ही मानाच्या खुर्चीत तिच्या जागी टीव्ही बसवणार, इकडे तिच्यापुढे टीव्ही, आणि दोघांच्या मधे समुद्र. बेत चांगला होता. शुक्रवारी आपण करूनही पाहिलं होतं, आठवतंय ना? तुमची बैठकीची खोली भिंतभर दिसत होती. (आत्याने सोफ्याला नाव ठेवलं ते तुम्हाला ऐकू गेलं नसेल तर बरंच आहे.) म्हणजे शुक्रवारी सगळं चालू होतं, हे ध्यानात ठेवा. टीव्ही तोच, वायर तीच, मीही तोच.

शनिवारी सकाळी अख्खं घर लग्नाच्या कामाला लागलं होतं. अंगण झाडून झालं, डुकरं बांधून झाली, भिंतीला नवी चटई टांगून झाली, पोरांचे कान आतून धुऊन झाले. लोसेने माझ्या वहाणासुद्धा धुतल्या. आणि अशा वेळी लॅपटॉप उघडला तर त्यावर सूचना, की नवं अपडेट आलं आहे, आता करू का? काका, तुम्हीच सांगा. घरातली प्रत्येक वस्तू घासूनपुसून लग्नाला बसवलेली, आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून, तोच तेवढा पारोसा ठेवायचा? मी हो म्हटलं. (हा माझा भाग. बघा, संपलासुद्धा.) लोसे तेव्हाच म्हणाली होती, "लग्न तिकडे एलेनोआचं, आणि न्हाऊ कुणाला घालताय? या डब्याला?" मी तिला म्हटलं, तू स्वयंपाकाचं बघ. माझं ते वाक्य आता ती मला दिवसातून दोनदा ऐकवते.

आपल्याकडचं इंटरनेट तुम्हाला ठाऊक आहे. ते अपडेट त्यातून असं येत होतं की दुपारची जेवणं झाली, आत्याची आंघोळ झाली, पाळक येऊन बसले, तरी पडद्यावर एक चक्र फिरतंय आणि खाली लिहिलेलं, काम चालू आहे, बंद करू नका. आत्या आली ती पुरा पोशाख करून. केसांत कंगवा, कमरेला, मानाच्या प्रसंगी गुंडाळतात ती, तिच्या आईची चटई, ती जुनी, काळपट पडलेली, जी ती साध्यासुध्या कार्याला बांधत नाही. बरोबर तिच्या बाजूच्या पाच-सहा बायका. ती टीव्हीपुढे मानाच्या जागी जमिनीवर बसली, चष्मा पुसला आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिली. चर्चमध्ये बसते तशी ती बसली होती, आणि ते चक्र फिरत होतं.

अपडेट संपलं तेव्हा तुमच्याकडे वऱ्हाड जमायला लागलं होतं. मी घाईने वायर जोडली. टीव्ही म्हणाला, सिग्नल नाही.

वायर काढली, फुंकली, पुन्हा लावली. सिग्नल नाही. वायरची दोन्ही टोकं उलटीसुलटी केली. सिग्नल नाही. टीव्हीच्या मागे तीन भोकं आहेत, तिन्हीत घालून झाली. आता हे करायला टीव्हीच्या मागे जावं लागतं, टीव्ही टेबलावर, आणि आत्या जमिनीवर. एलेनोआच्या नवऱ्याला, कॅलमला, हे पत्र वाचून दाखवाल तेव्हा त्याला समजावं म्हणून लिहितो, की आत्या म्हणजे बापाची बहीण, आणि भावाच्या घरात तिच्यावर कुणी नाही. ती जमिनीवर बसली असेल तर मी तिच्यासमोर ताठ उभा राहणं म्हणजे तिच्या डोक्यावर पाय ठेवल्यासारखंच. म्हणून मी दर वेळी गुडघ्यांवर रांगत, तिच्यापुढून जाताना "तुलोउ, तुलोउ" अशी माफी मागत टेबलाखालून मागे जायचो, हात वर करून चाचपडत भोक शोधायचो, आणि तसाच रांगत परत यायचो. माझं वजन तुम्हाला माहीत आहे. दोनदा टेबल हललं. एकदा पाळकांनी टीव्ही धरला, तेव्हा वाचला. आत्या म्हणाली, "मानासे, लग्न टीव्हीच्या पुढच्या बाजूने दिसतं ना?"

तेवढ्यात तुमचा फोन लॅपटॉपवर जोडला गेला आणि नवंच संकट उभं राहिलं. आवाज येतोय, पण माणूस कुठेच नाही. तुमचा बँड ऐकू येतोय, काकू कुणावर तरी ओरडतायत तेही ऐकू येतंय, आणि लॅपटॉपवर नुसता निळा रंग. टीव्ही काळा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्याने मान वळवून विचारलं, "फिलिमोने बोलतोय ना? मग दिसत का नाही? आवाज आहे आणि माणूस नाही, हे काय चाललंय माझ्या भावाच्या घरात?" एक बाई हळूच प्रार्थना म्हणायला लागली. माझ्या हाताला घाम सुटला, आणि घामाच्या बोटांनी त्या लॅपटॉपवरचा बाण हलेना.

आता तुम्ही म्हणाल, मेलेनाइतेला का नाही बोलावलं? ती तर हायस्कुलात संगणक शिकवते. तेच सांगतोय. ताई अंगणातच होती, फणसाच्या झाडाखाली (आपला तो भाजून खायचा पावाचा फणस, कॅलमला सांगा). पण आत कशी येणार? भाऊ आणि बहीण एका खोलीत एका पडद्यापुढे बसलेत, हे आत्यासमोर? इतर दिवशी शहरातली पोरं काय करतात ते करोत. आत्या घरात असताना आम्ही लहानपणापासून भावाबहिणीचं ते अंतर पाळलंय. ताई आली की मी मागच्या दाराने बाहेर, मी आलो की ती. आणि लॅपटॉप अंगणात न्यावा तर वायर टीव्हीपर्यंत पोचत नाही. म्हणजे ज्याला येतं ते माणूस बाहेर, ज्याला येत नाही ते आत, आणि मधे खिडकी. शेवटी ताई खिडकीखाली रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, लोसे खिडकीत वाकली, आणि मी आत रांगत. ताई लोसेला सांगणार, लोसे मला सांगणार, मी करणार, काय झालं ते लोसेला सांगणार, लोसे ताईला. तोवर पलीकडे नवरी दारात आलेली.

त्यात अडचण अशी की ताईची जीभ तुम्हाला माहीत आहे, आणि भावाला शिवी लागेल असा शब्द आत्याच्या कानावर पडता कामा नये. म्हणून ताई बाहेर जे बोलायची ते लोसे खिडकीत धुऊन-पुसून आत आणायची.

ताई म्हणाली, "लोसे, तुझ्या त्या अक्कलशून्य नवऱ्याला सांग, वायर ओढू नकोस, ती काही डुकराची दोरी नाही!"

लोसे आत म्हणाली, "वन्सं म्हणतात, वायर जरा जपून हाताळावी."

"आणि विचार त्याला, अपडेट कुणी चालू केलं?"

"वन्सं विचारतात, अपडेट आपोआप झालं का?"

मी म्हटलं, आपोआप. लोसेने माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच दुसरीकडे बघितलं. पण तिने बाहेर तेच सांगितलं. (तिचे उपकार मी विसरणार नाही. तीही मला विसरू देणार नाही.)

आवाज आहे आणि माणूस नाही याचं कारण ताईने बाहेरूनच ओळखलं. अपडेटनंतर त्या डब्याने परस्पर ठरवून टाकलं होतं, की लॅपटॉपच्या उजवीकडे टीव्ही आहे, दोन्ही मिळून एकच लांबलचक पडदा आहे, आणि तुमची खिडकी त्याने त्या टीव्हीच्या भागात नेऊन ठेवली. टीव्ही बंद, म्हणजे तुम्ही अंधारात उभे राहून बोलत होता. ताईने दोन बटणं एकदम दाबायला सांगितली, त्याने यादी आली, त्यातून दोन्हीकडे सारखंच चित्र दाखव असं निवडायचं. निवडलं. टीव्ही लुकलुकला! एक क्षण बायका ओरडल्या. आणि पुन्हा काळा. पण लॅपटॉपवर तरी तुमचा हॉल दिसला, फुलं, पताका, मानाची खुर्ची, आणि खुर्चीतल्या टीव्हीवर माझं नाक. काका, खरं सांगतो, मला वाटलं होतं की कॅमेरा बंद आहे. लग्नघरात मानाच्या खुर्चीवर, आत्याच्या जागी, बराच वेळ माझी नाकपुडी बसली होती हे मला त्याच क्षणी कळलं. तिकडे कुणी हसत होतं ते त्यामुळेच. त्याबद्दल मी एलेनोआची आणि कॅलमच्या आईवडिलांची हात जोडून माफी मागतो.

मग तुमच्याकडच्या पाळकांनी सांगितलं, की आता नवरीच्या आत्याने आशीर्वाद द्यावा. आत्या म्हणाली, "मला पोरगी दिसत नाही. न बघता मी कुणाला आशीर्वाद देऊ? टीव्हीच्या खोक्याला?" मी म्हटलं, आत्या, लॅपटॉपवर बघ ना. तिने लॅपटॉप हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, लांब नेला, आणि माझ्याकडे परत दिला. मग चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला. मला रडूच यायचं बाकी होतं.

बाहेरून ताई म्हणाली, चित्र पाठवायचा जो प्रोग्राम आहे तो अपडेटने बदललाय, नवा टीव्हीला ओळखत नाही, जुना परत घ्यावा लागेल. त्यासाठी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करावा लागेल. म्हणजे फोन तुटणार. आशीर्वादाच्या ऐन वेळी. मी म्हटलं, नाही, नाही. लोसे म्हणाली, "वन्सं म्हणतात दुसरा इलाज नाही." मी म्हटलं, चालू झाल्यावर पुन्हा अपडेट सुरू झालं तर? लोसेने बाहेर विचारलं. मग ताई स्वतः, आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मानासे, कर." ताई माझ्याशी थेट बोलली ते किती वर्षांनी, मला आठवत नाही. मी बटण दाबलं.

तुम्हाला तिकडे जे दिसलं, म्हणजे खुर्चीतला टीव्ही एकदम काळा झाला, ते हे. लॅपटॉप बंद झाला, चालू झाला, आणि त्यावर चक्र फिरायला लागलं. काम चालू आहे, बंद करू नका. पाळकांनी डोळे मिटले. आत्या पडद्याकडे बघत होती, पापणी न हलवता. मी मनात देवाला सांगितलं, की हे एवढं जमू दे, पुढच्या वर्षी चर्चचं छप्पर मी रंगवतो. (पाळकांना हे माहीत नाही, त्यांना सांगू नका.)

चक्र थांबलं, मी फोन पुन्हा जोडला. आणि काका, इथे नीट वाचा. तुमच्याकडे आत्या दिसली, कारण आमचा कॅमेरा चालू होता. पण आमच्याकडे टीव्ही काळाच राहिला होता. आत्याला तुम्ही दिसलाच नाहीत. बसून बसून तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून ती उठली. लोसेला हाक मारायला म्हणून खिडकीकडे वळली. त्यात तिची पाठ तुमच्याकडे झाली. आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. गावात वीज कशी जाते ते तुम्हाला मी काय सांगणार. बस, एवढंच घडलं. पाठ फिरवायला आधी माणूस समोर दिसावा लागतो, तिला तर कुणी दिसलंच नव्हतं. आशीर्वाद तिने अंधारातच म्हटला, सगळ्यांनी आमेन म्हटलं, पाळक साक्षीला आहेत.

तेव्हा राग सोडा आणि फोन उचला. काकूंना नमस्कार, एलेनोआ आणि कॅलमला आशीर्वाद.

तुमचा पुतण्या,
मानासे

ता. क. चटईबद्दल लिहायचं राहिलं. गुंडाळी आत्याने स्वतः बांधली आहे आणि कुठली चटई आहे ते लिहू नकोस असं मला बजावलंय, म्हणून मी लिहीत नाही. तुम्ही सोडलीत की ओळखालच. पलंगाखालच्या पेटीत तिने स्वतःच्या अखेरीसाठी जपून ठेवली होती, ती. एलेनोआच्या पायाखाली अंथरा असं म्हणाली. मी विचारलं, मग तुला काय? तर म्हणाली, मी मेल्यावर तुम्ही मला उघड्या जमिनीवर ठेवाल का? ठेवायचं तर ठेवा.

आणखी एक. आत्या आता गाण्याच्या सरावाला गेली आहे. वरचं, सहीपर्यंतचं पत्र तिने लोसेकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतलं (तुमचं ते भाऊ नसल्याचं वाक्य लोसेने दोन्ही वेळा धुऊन-पुसून, 'फिलिमोने रुसलाय' एवढंच वाचलं) आणि मान हलवली, मगच गेली. शेवटचा भाग मी तिने सांगितला तसाच लिहिला आहे. आता खरं लिहितो.

वीज गेली नव्हती. टीव्ही चालू झाला होता. एकदम, भिंतभर, शुक्रवारी दिसला होता त्याहून स्वच्छ. ताईचा इलाज बरोबर निघाला. आणि त्यावर तुम्ही होता काका. नवा कोट घालून, कमरेला चटई बांधून, तुम्ही त्या खुर्चीपुढे जमिनीवर बसला होता. तुमच्याकडे तेव्हा टीव्ही अजून काळाच असावा, कारण तुम्ही काळ्या पडद्याकडे बघून बोलत होता. "अक्का, मी तुझ्या पायाशी बसलोय, दिसतोय का?" असं तुम्ही म्हणालात. आणि तुमच्या मागे खुर्च्यांवर नवऱ्याकडची मंडळी बसली होती. त्यांना काय माहीत, त्यांना एक म्हातारा माणूस बंद टीव्हीच्या पाया पडताना दिसत होता. ती हसत होती. दोघं-तिघं फोनवर तुमचं चित्र घेत होती. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, मीही कदाचित हसलो असतो. पण आत्याने ते पाहिलं. ती उठली, तुम्हाला नीट बघितलं, मग भिंतीकडे वळली (तेवढ्यात तुमच्याकडचा टीव्ही लागला असणार, तुम्हाला दिसली ती ही पाठ) आणि तिने टीव्हीची आणि लॅपटॉपची, दोन्हींची वायर भिंतीतून ओढून काढली. त्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली आहे, तोही विझला. मग म्हणाली, वीज गेली, सगळ्यांनी डोळे मिटा. घरात पंखा चालू होता. सगळ्यांनी डोळे मिटले. पाळकांनीही.

खिडकीत ताई आत बघत होती. आम्ही दोघांनी तो एकच पडदा पाहिला, आणि आजपर्यंत एकमेकांशी त्याबद्दल बोललो नाही.

आत्याला वाटतं की लोक आपल्या भावाला हसले हे तिच्या तोंडून कुणाला कळता कामा नये. त्यापेक्षा ती गर्विष्ठ ठरलेली तिला चालेल. मला ते चालत नाही, म्हणून हे तिच्या मागे लिहिलं. तुम्ही तिला हे माहीत असल्याचं दाखवू नका. वीज गेली होती असंच म्हणा.

शेवटचं. हे पत्र मी लिहिलं ते खरं एका गोष्टीसाठी. ती रोज जेवताना मला एकच प्रश्न विचारते, आणि मला उत्तर माहीत नाही, तेव्हा तेवढं कळवा. नाहीतर स्वतः फोन करून तिलाच सांगा. ती विचारते, की एवढ्या परक्या लोकांत तो खाली बसला, या वयात, तिकडे त्याचं आपलं म्हणावं असं जवळ कुणी उभं नव्हतं, तर मग त्याला हात देऊन उठवलं कुणी?